थांबायचं अंतर

मिरचीचं रोप चार पानांवर आलं की त्याला कोणाची वाट बघता येत नाही. पाचवं पान फुटतं, सहावं फुटतं, ट्रेच्या खळग्यातल्या चिमूटभर मातीत मुळांची गर्दी होते आणि रोप उजेडासाठी मान ताणत लुकडं होत जातं. लुकड्या रोपाला गिऱ्हाईक हात लावत नाही. शेडनेटखाली तसे ट्रे ओळीने भरून बसले होते आणि बाहेर टेम्पो ताडपत्री पांघरून उभा होता.

गेल्या महिन्यात त्या टेम्पोतच रोपवाल्याला आकडी आली होती. सकाळी ट्रे चढवतानाच तो म्हणाला होता, "आज डोक्यात कसंतरी होतंय."

"मग हळू चालवा," बायको म्हणाली होती.

तो हळूच चालवत होता. म्हणून टेम्पो रस्ता सोडून मक्याच्या शेतात शिरला आणि उभ्या पिकात रुतून थांबला. कपाळाला खोक पडली, एवढंच. जरा पुढे गेला असता तर कालवा होता. त्या 'असता तर'बद्दल घरात कोणी बोलत नव्हतं.

डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या आणि गोळ्या दिल्या. म्हणाला, "गोळी चुकवायची नाही. आणि वर्षभर तरी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पुढचं पुढे बघू."

"शेतातल्या शेतात?" रोपवाल्याने विचारलं.

"शेतातही माणसं असतात," डॉक्टर म्हणाला.

मग भाड्याचा ड्रायव्हर आणला. त्याने गाणी लावून वळणं अशी घेतली की मागचे ट्रे एकमेकांवर चढले. गिऱ्हाइकाने ताडपत्री वर केली, आत पाहिलं आणि फोन लावला, "मी रोपं मागितली होती. तुम्ही भाजी चिरून पाठवलीत." दुसरा ड्रायव्हर दोन फेऱ्या करून यायचाच बंद झाला. त्याला वाळूच्या गाडीवर काम मिळालं होतं. वाळू कितीही हादरली तरी तक्रार करत नाही.

त्या दिवशी दुपारी जेवताना रोपवाला ताटातला घास नुसता फिरवत बसला. त्याची आई समोर बसून पंख्याने माश्या वारत होती.

"मीच शिकते," बायको म्हणाली.

तो हसला नाही, पण हसल्यासारखा श्वास नाकातून सोडला. "अंगणात गाडी मागे-पुढे करणं वेगळं आणि रस्ता वेगळा."

"अंगणात तरी कुठे शिकवली होतीत? ट्रे भरायला गाडी जवळ घ्यायची आणि तुम्ही जाग्यावर नाही, म्हणून आपोआप यायला लागली."

"आधी परीक्षा द्यावी लागते. कॉम्प्युटरवर. चिन्हं, नियम, सगळं."

"देईन की."

सासू पंखा थांबवून मुलाकडे बघत म्हणाली, "देऊ दे रे. तुझा बाप मेल्यावर मी मोटार पंप दुरुस्त करायला शिकले तेव्हाही सगळे असेच नाकातून हसले होते."

दुसऱ्या दिवशी त्यानेच तालुक्याला जाऊन चिन्हांचं पातळ पुस्तक आणलं आणि तिच्या हातात न देता पाण्याच्या टाकीवर ठेवून दिलं.

ती बिया पेरता पेरता पाठ करू लागली. एका हाताची बोटं ट्रेच्या खळग्यांत बी सोडत जायची, गुडघ्यावर पुस्तक उघडं. सासू शेजारी बसून पुस्तकातल्या चित्रांवर बोट ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्राला अक्षर कशाला लागतं?

"हे लाल गोल कसले?"

"गोल म्हणजे हुकूम. सांगितलं ते करायचंच. त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे, सावध राहा."

सासूने जरा विचार केला. "म्हणजे गोल म्हणजे सासू आणि त्रिकोण म्हणजे नणंद."

सून इतकी हसली की एका खळग्यात चार बिया पडल्या. पण त्यानंतर तिला गोल आणि त्रिकोणाचा घोळ कधी झाला नाही.

परीक्षेला ती एकटीच गेली. त्याला बरोबर घेऊन रांगेत उभं राहणं दोघांनाही नको होतं. लायसन्सच्या कचेरीत बाकावर सगळी कोवळी पोरं-पोरी, मोबाईलमध्ये मान घालून बसलेली. खिडकीतल्या कारकुनाने कागद पाहिले, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "स्कूटर का?"

"टेम्पो."

"टेम्पो?" त्याने मान वळवून शेजारच्याला सांगितलं, "बाई टेम्पो चालवणार." शेजारच्यानेही मान वर करून बघून घेतलं. तिने पदराने गळ्यावरचा घाम टिपला आणि दाखवलेल्या खुर्चीवर जाऊन बसली.

चिन्हं सगळी आली. बोटाला माती लागलेली नसतानाही दर वेळी ती बोट पुसून पडद्यावर टेकवत होती. मग प्रश्न आला: गाडी चालवताना चालकाला बरं वाटेनासं झालं तर त्याने काय करावं? खाली तीन उत्तरं होती. तिने एकही पुरतं वाचलं नाही. 'वेग कमी करून सावकाश पुढे जावे' यावर तिचं बोट आपसूक गेलं.

लाल फुली आली. त्याखाली बरोबर उत्तर उजळलं: गाडी बाजूला घेऊन थांबवावी, पुढे चालवू नये.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. पडद्यावर वेळ पळत होता. पुढचा प्रश्न आला, तो तिने वाचला पण डोक्यात शिरला नाही. त्यानंतरचाही नाही. शेवटी पडद्यावर नापास असं आलं तेव्हा शेजारची पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, परत देता येते." तिने मान हलवली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मात्र तिला हुंदका आवरला नाही. नापास झाल्याचं तेवढं नव्हतं. 'मग हळू चालवा.' हे तीच म्हणाली होती, आणि काळजीनेच म्हणाली होती.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"चुकलं."

"किती?"

"एकच. त्याच्यानंतरचं सगळं त्याच्या पायी."

कोणतं ते तिने सांगितलं नाही, आणि त्यानेही खोदून विचारलं नाही.

ब्रेकनाना त्यांच्या मागच्या गल्लीत राहायचे. आयुष्यभर बस चालवून आता निवृत्त झालेले. कोंबडी दिसली तरी ब्रेक दाबतात म्हणून लोकांनी हे नाव ठेवलेलं. त्यांच्या बसला सायकलवाला मागे टाकून जायचा आणि वर मागे वळून हात करायचा, असं सांगून लोक हसत. तीही हसली होती. आता तीच त्यांच्या ओट्यासमोर पुस्तक धरून उभी राहिली.

नानांनी पुस्तक उघडलंही नाही. "पाठ आहे ना सगळं?"

"पाठ आहे. तरी चुकतंय."

"पाठ केलेलं घाबरलं की पळून जातं. पटलेलं राहतं. उद्या सकाळी फाट्यावर ये. गाडी नको आणूस."

फाट्यावर, रस्ते जिथे मिळतात तिथल्या दगडी पुलाच्या कठड्यावर नाना तिला घेऊन बसले. काही शिकवेनात. नुसतं विचारायचे. "तो ट्रॅक्टर बघ. आता काय करेल?"

"वळेल."

"कशावरून? दिवा तर दिला नाही."

"मागच्या माणसाने हात बाहेर काढलाय."

"बरं. आणि ती बाई? डोक्यावर भारा आहे ती."

"रस्ता ओलांडेल."

"तुझ्याकडे बघून ओलांडेल का?"

तिने नीट पाहिलं. भाऱ्यामुळे बाईला मान वळवताच येत नव्हती. "तिला मी दिसणारच नाही," ती सावकाश म्हणाली.

"मग तिच्या वाटणीचंही तूच बघायचं. रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्या कशाला, शाळेजवळ वेग कमी कशाला, हे सगळं एवढ्यासाठीच. दुसऱ्याला आपण दिसलोच नाही असं धरून चालायचं. लोक म्हणतात, ब्रेकनाना घाबरट. म्हणू देत. माझ्या बसमध्ये जो चढला तो धड उतरला."

दोनतीन दिवस ती नुसती रस्ता बघत होती. येणारे-जाणारे विचारायचे, "बस चुकली का?" नाना म्हणायचे, "हो, चुकवलीच." चौथ्या सकाळी नाना गुडघे धरत तिच्या घरी आले आणि म्हणाले, "आता गाडी काढ. मालक कुठेत? त्यांनाही बोलव."

शेडनेटपासून फाटकापर्यंतचा रस्ता त्यांचा स्वतःचा, सरळ आणि रिकामा. नाना तिच्या शेजारी बसले. रोपवाल्याला त्यांनी मध्यावर कडेला उभं केलं, हातात एक रिकामा ट्रे देऊन.

"मनात येईल तेव्हा ट्रे खाली टाकायचा. ट्रे पडला की ही ब्रेक दाबेल. गाडी जिथे थांबेल तिथे वीट ठेवायची."

कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "काय मालक, क्लीनर झालात का?" रोपवाल्याचे कान लाल झाले. ट्रे घट्ट धरून तो उभा राहिला.

पहिल्या वेळी ट्रे पडला आणि तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली ती त्याच्या बरीच पुढे. त्याने वीट ठेवली आणि मागे वळून ट्रेकडे पाहिलं. पुन्हा केलं, जरा जास्त वेगाने. वीट आणखी पुढे गेली.

"एवढा उशीर कशाला लावतेस?" तो म्हणाला.

"लगेच दाबला मी!"

"लगेचच दाबलाय तिने," नाना म्हणाले. "डोळ्याने बघायचं, मग डोक्याने सांगायचं, मग पायाने ऐकायचं. तेवढ्यात गाडी कोणासाठी थांबत नाही. आजी, तेवढा पाइप आणा. रस्ता भिजवा."

सासूने पाइप आणला. "माझं रोपांचं पाणी रस्त्याला," असं पुटपुटत तिने सगळा रस्ता ओला केला. या वेळी ट्रे पडला, ब्रेक लागला, चाकं गच्च झाली आणि टेम्पो तसाच सरकत राहिला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून सून सरकत जाणारा रस्ता बघत राहिली. गाडी थांबली तेव्हा फाटक अगदी नाकासमोर होतं.

रोपवाला वीट घेऊन चालत आला. कोरड्या विटेपासून ओल्या विटेपर्यंत तो पावलं टाकत होता आणि मध्येच मोजायचा थांबला.

"मी आयुष्यात पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवलं नाही," तो म्हणाला. "पावसातही नाही."

"मग आजवर कसा घरी आलास?" आईने विचारलं.

"पुढचा थांबला नाही म्हणून."

नाना गाडीतून उतरले. गुडघा कुरकुरला तसा चेहरा वाकडा करत म्हणाले, "प्रश्न विचारतील, पावसात अंतर किती ठेवाल? आता उत्तर आठवायला लागणार नाही. वीट आठवली तरी पुरे."

परीक्षेची नवी तारीख मिळाली. पण तिच्या आधीच एका बागायतदारीण बाईचा फोन आला. वाफे तयार होते, पाणी सोडून झालं होतं, मजूर उद्याचे सांगितलेले. रोपं आज पोचली नाहीत तर ती दुसरीकडून घेणार होती. "लुकडी व्हायला लागली असतील ना तुमची?" असंही तिने विचारलं. रोपवाला "नाही, नाही" म्हणाला, पण फोन ठेवल्यावर शेडनेटमध्ये जाऊन एका ट्रेसमोर उकिडवा बसून राहिला. रोपं वाऱ्याशिवाय लवत होती.

ती टाकीवर झारी भरत होती तेव्हा इंजिनाचा आवाज आला. तिने झारी तशीच सोडली. टेम्पोत ट्रे भरलेले होते, ताडपत्री बांधलेली होती आणि नवरा स्टिअरिंगवर होता.

ती धावली नाही. दुसऱ्या बाजूचं दार उघडून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"उतरा."

"गोळ्या वेळेवर घेतोय. एवढ्यात काही झालेलं नाही. सकाळपासून डोकं साफ आहे."

"उतरा."

"अगं, हळू नेतो. अगदी हळू."

"हळू हे चुकीचं उत्तर आहे," ती म्हणाली. "मी तेच दाबलं होतं परीक्षेत. बरं वाटत नसेल तर काय करावं, असं विचारलं होतं. मी म्हटलं हळू जावं. त्या दिवशी तुम्हालाही तेच म्हटलं होतं. लाल फुली आली तेव्हा कळलं. थांबावं, असं उत्तर होतं. नुसतं थांबावं."

इंजिन चालूच होतं. गिअरचा दांडा त्याच्या हाताखाली थरथरत होता. बाहेरून सासू आली, टेम्पोसमोर पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसून लसूण सोलायला लागली.

"आई, उठ तिथून."

"मी कुठे तुला अडवतेय? मला इथे सावली बरी वाटते."

सावली तिथे नव्हतीच. रोपवाल्याने काचेतून तिच्या डोक्यावरचं ऊन पाहिलं. मग किल्ली फिरवली. आवाज बंद झाल्यावर सगळीकडे एकदम इतकं शांत झालं की लसणाची सालं उडालेली ऐकू यावीत.

"मी आता काय कामाचा?" तो समोर बघत म्हणाला.

"हे ट्रे बांधलेत ना, ते मला बांधता येत नाहीत," ती म्हणाली. "अजून एकही हललेला नाही."

त्याने किल्ली तिच्या मांडीवर ठेवली आणि उतरला. बराच वेळ टाकीमागे तोंड धूत राहिला.

रोपं नानांनी नेली. "एकदाच," ते म्हणाले. "माझा गुडघा क्लचला शिव्या देतो." रोपवाला शेजारी बसून गेला. त्यांना एका सायकलवाल्याने मागे टाकलं, हे त्याने आल्यावर स्वतःच सांगितलं. बागायतदारीण उशिराबद्दल वाट्टेल ते बोलली, पण ताडपत्री काढल्यावर गप्प झाली. ट्रे जसे ठेवले तसे होते. पुढच्या आठवड्याची टोमॅटोची रोपंही तिने तिथेच सांगून टाकली. नाना मात्र पुढचे दोन दिवस गुडघा शेकत पडून होते.

दुसऱ्या परीक्षेला नवरा बरोबर आला. कारकून तोच. "टेम्पोवाल्या बाई," तो ओळखून म्हणाला. या वेळी तिने घाम पुसला नाही. "हो," म्हणाली आणि जाऊन बसली.

आत सगळे प्रश्न ओळखीचे नव्हते. एका चिन्हाशी ती अडली, मग पुढे गेली. पावसाचा प्रश्न आला तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर ओल्या रस्त्यावर सरकत जवळ येणारं फाटक आलं आणि बोट योग्य जागी टेकलं. पडदा हिरवा झाला. काय झालं ते कळायला तिला एक क्षण लागला. मग तिने जवळ बसलेल्या अनोळखी पोराला सांगितलं, "पास," आणि तो म्हणाला, "मावशी, श्श."

बाहेर रोपवाला झाडाखाली उभा होता. ती दारात दिसली तसा तो पुढे आला आणि मध्येच थांबला.

"आता टेम्पोला लाल अक्षर चिकटवायचं," ती म्हणाली. "शिकाऊ म्हणून."

तो तिथेच पायरीवर बसला. दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले आणि हसायला लागला. ते हसू नाकातलं नव्हतं, चांगलं पोटातलं होतं. जाणारे लोक वळून बघत होते. "आई म्हणणार, तरी मी सांगत होते," तो म्हणाला, आणि पुन्हा हसला.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. नाना गुडघ्याला पट्टा बांधून शेजारी बसत, आणि त्यांच्या पायाने कधी कधी नसलेला ब्रेक दाबला जाई. शेजारी कुंपणावरून पहिले काही दिवस ओरडला, मग त्यालाही कंटाळा आला. रस्त्यावरच्या परीक्षेतही ती पास झाली, मागे घेताना एकदा इंजिन बंद पडूनही. पक्कं लायसन्स आलं तेव्हा वांग्याची रोपं निघाली होती.

त्या खेपेला शेजारी नाना नव्हते, नवरा होता. ट्रे त्याने बांधले होते. जाताना तो पूर्ण रस्ताभर ताठ बसला, हात मांडीवर मुठी करून. रोपं उतरवली, गिऱ्हाइकाने एकेक ट्रे वर धरून पाहिला, पाणी दिलं, आणि रिकामा टेम्पो घेऊन दोघं परत निघाले. ऊन कलतं झालं होतं. वाऱ्याने मागची ताडपत्री हलकी फडफडत होती.

कालव्याच्या अलीकडे तिने सहज डावीकडे पाहिलं. नवऱ्याची मान एका बाजूला पडली होती. तोंड उघडं होतं. हात सुटून सीटवर लोळत होता.

तिने आरशात मागे पाहिलं, दिवा दिला, गाडी कडेला घेतली, थांबवली, हँडब्रेक ओढला. हे सगळं झाल्यावरच ती त्याच्याकडे वळली. "अहो," म्हणाली. त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती सावकाश वर येत होती, सावकाश खाली जात होती. मग त्याच्या घशातून बारीकशी घरघर आली, वाढत गेली, आणि तिला कळलं की तो घोरतोय.

तिने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. खांदे हलू लागले. हसतेय की रडतेय ते तिलाही कळत नव्हतं.

त्याने अर्धवट डोळे उघडले. "पोचलो का?"

"नाही. झोपा तुम्ही."

"तू का थांबलीस?"

"असंच."

त्याने मान दुसऱ्या बाजूला टाकली आणि पुन्हा घोरायला लागला. तिने पदराने डोळे कोरडे केले. मागून एक ट्रक येत होता, तो जाऊ दिला. एक मोटरसायकल जाऊ दिली. रस्ता पार मोकळा झाला तेव्हा तिने गाडी वर घेतली.